नागपूरच्या उन्हाळ्यात घरची कोल्ड ब्रू : वर्षभराच्या वापरानंतर

मागच्या मार्चपासून आमच्या फ्रीजमध्ये कोल्ड ब्रूची, म्हणजे न तापवता पाण्यात तासन्तास भिजवून केलेल्या कॉफीची, बाटली कायम आहे. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही बघून झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. निकाल आधीच सांगते: बाटली कुठलीही चालते, दळण कुठलंही चालत नाही. आणि परदेशी रेसिपीतलं ‘रात्रभर ओट्यावर ठेवा’ हे नागपुरात होळीनंतर विसरायचं.

माझ्याकडची बाटली एक लिटरची, काचेची. आत स्टीलच्या बारीक जाळीचा उभा नळा, वर सिलिकॉनची रिंग आणि झाकण. ऑनलाइन हजाराच्या आत आली. अशा बाटल्या ढीगभर नावांनी विकल्या जातात, त्यामुळे नाव सांगण्यात अर्थ नाही. काच चांगली जाड आहे, जाळी अजून कुठे उसवलेली नाही. रिंग मात्र सहा-सात महिन्यांत सैल पडली. बाटली उभी असेल तर ठीक, फ्रीजमध्ये आडवी ठेवली की खालच्या कप्प्यातल्या भाजीला कॉफीचा अभिषेक. सुटी रिंग कुठे मिळेना.

माझं माप ८० ग्रॅम कॉफीला ६४० मिली पाणी. चोथा स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवतो, त्यामुळे हातात ४८० मिलीच्या आसपासच येतं. ते तसंच प्यायचं नसतं. अर्ध्याला अर्धं पाणी किंवा दूध, वर बर्फ. पाच मोठे ग्लास होतात. अडीचशे ग्रॅमचं पाकीट पाचशेला धरलं तर ग्लास बत्तीस रुपयांना पडतो. कॅफेत तोच दोनशेच्या पुढे.

आता दळणाबद्दल. लापशी रव्याएवढं जाड हवं. मिक्सरमध्ये दळलं की अर्धं पीठ आणि अर्धे खडे. पीठ जाळीतून खाली उतरतं, कडवट होतं, आणि ग्लासच्या तळाशी चिखल बसतो. खडे मात्र आतून कोरडेच राहतात. हाताने फिरवायचा बर ग्राइंडर (दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया एकसारख्या दळणारा) दोनेक हजारांपासून मिळतो. तो घेतल्यावर जो फरक पडला, तो महागड्या बियांनीही पडला नव्हता. ग्राइंडर नको असेल तर रोस्टरकडून, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याकडून, ‘कोल्ड ब्रूसाठी जाड’ दळून मागवा, बहुतेक जण देतात. दाक्षिणात्य दुकानातली फिल्टर कॉफीची पूड यात घालू नका. ती फारच बारीक असते, आणि त्यातली चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) सगळी चव ताब्यात घेते. ती पितळी फिल्टरमध्येच शोभते.

जाळीचा नळा दोनतृतीयांशच भरायचा, कारण कॉफी फुगते. आधी थोडं पाणी ओतून लांब चमच्याने ढवळायचं, मग उरलेलं. ताज्या भाजलेल्या कॉफीतून वायू सुटत असतो, त्यामुळे पूड वर तरंगते आणि मधला भाग भिजतच नाही. ढवळणं टाळलं तर सकाळी फिकं, तपकिरी पाणी मिळतं.

तापमानाची गोष्ट जरा सविस्तर. ‘खोलीच्या तापमानाला बारा ते अठरा तास’ असं लिहिणाऱ्यांची खोली वीस-बावीस अंशांची असते. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात कूलर चालू असूनही पारा पस्तिशीत असतो. त्या उष्णतेत आठ तासांतच कॉफीला भिजलेल्या लाकडासारखी चव येते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती सुरक्षित राहत नाही. गरम कॉफीत उकळत्या पाण्याने जंतू मरतात. इथे काहीच तापत नाही, आणि कॉफीची आम्लता काही लोणच्याएवढी नसते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डेथ विश कॉफी या कंपनीने आपले नायट्रो (नायट्रोजन वायू भरलेल्या) कोल्ड ब्रूचे डबे परत मागवले होते, ते हवाबंद डब्यात बोट्युलिनम या जंतूचं विष तयार होण्याच्या धोक्यामुळे. घरच्या बाटलीत तेवढं घाबरायचं कारण नाही, पण मार्च ते ऑक्टोबर मी पहिल्या मिनिटापासून फ्रीजमध्येच ठेवते. सोळा-अठरा तास लागतात. चव थोडी हलकी, पण स्वच्छ येते. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्रभर ओट्यावर, आणि वर्षातली सगळ्यात छान कॉफी तेव्हाच होते. प्यायची इच्छा नेमकी तेव्हा कमी असते, हा भाग वेगळा.

वेळ झाली की जाळी काढून टाकायची आणि कॉफी एकदा गाळायची. कागदी फिल्टरने सर्वांत नितळ होते, पण वेळ खाते. मी मलमलचं दुहेरी फडकं वापरते. सासूबाईंनी चक्का बांधायच्या फडक्याला हात लावू दिला नाही, ते बरंच झालं, कॉफी वास फार पटकन उचलते. फडकं साबणाने धुवायचं नाही, नुसत्या पाण्यात उकळायचं. जाळीला तेलाचा थर चढतो, त्याला आठवड्यातून एकदा गरम पाणी आणि खाण्याचा सोडा. गाळलेली कॉफी पाच-सहा दिवस चांगली राहते, नंतर पुठ्ठ्यासारखी लागते.

पाण्याचाही फरक पडतो. आमच्या बोअरच्या जड पाण्यात कॉफी मातकट आणि बोथट लागते, तर आरओच्या पाण्यात पोकळ. कॉफीवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा मापदंड लिटरला १५० मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षारांचा आहे. आरओचं पाणी बरेचदा याच्या खूप खाली असतं. मी आरओच्या पाण्यात थोडं नळाचं, उकळून गार केलेलं मिसळते.

बिया चिकमगळूर किंवा कूर्गच्या अरेबिका (कॉफीची सौम्य जात), मध्यम ते थोड्या गडद भाजणीच्या घ्या. मॉन्सून्ड मलबार, म्हणजे पावसाळी दमट वाऱ्यात मुरवलेली कॉफी, हीही छान लागते. ती मुळातच कमी आंबट असते. हलक्या भाजणीच्या, फुलाफळांच्या वासाच्या महाग बिया इथे वाया जातात. तो वास गरम पाण्यानेच सुटतो, आणि कोल्ड ब्रूची माझ्या मते हीच मोठी उणीव: चव गोल, पण घमघमाट नाही. रोबस्टा ही दुसरी जात स्वस्त पडते, पण तिच्यात कॅफीन जवळपास दुप्पट असतं. संध्याकाळी पाचनंतर तिच्या वाटेला जाऊ नका.

ही कमी आम्ल असते असं ऐकून पित्तासाठी कोल्ड ब्रूकडे वळणारे बरेच भेटतात. २०१८ साली फिलाडेल्फियातल्या दोन संशोधिकांनी गरम आणि कोल्ड ब्रू अशा दोन्ही कॉफींची तुलना केली, तेव्हा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकी आम्लता जास्त) जवळपास सारखाच निघाला, ४.८५ ते ५.१३. एकूण आम्लं मात्र गरम कॉफीत जास्त उतरली होती. माझा अनुभव: रिकाम्या पोटी प्यायली तर हीसुद्धा जळजळते, जेवणानंतर काही होत नाही.

प्यायचे प्रकार मी दोनच ठेवलेत. थंड दूध आणि साखरेचा पाक. पाकच लागतो, कारण साखर तळाशीच बसते. दुसरा, मृग बहाराची संत्री आली की ग्लासात बर्फ, चार बोटं ताजा रस, आणि वरून हळूच कॉफी. रस आयत्या वेळी काढायचा, तासाभराने तो कडू होतो. घरी फिल्टर कॉफीवाले पाहुणे आले तर त्यांना हे देऊ नका, त्यांना मुकाट्याने गरमच द्या.

बाटली घ्यायचीच असेल तर तोंड हात आत जाईल एवढं रुंद आहे का आणि रिंग सुटी मिळते का, एवढं बघा. नाहीतर स्टीलचा झाकणाचा डबा आणि मलमल पुरे; तो पैसा ग्राइंडरला घाला.