पाइनवूड डर्बीची गाडी : कोणत्या हत्यारांवर खर्च करावा?

पाइनवूड डर्बी म्हणजे मुलांनी बनवलेल्या छोट्या लाकडी गाड्यांची, उतरत्या रुळावरची शर्यत. तिच्या संचात मोजक्याच वस्तू असतात: सुमारे ७ इंच लांबीचा पाइनचा ठोकळा, प्लास्टिकची चार चाके आणि आस म्हणून वापरायचे चार खिळे. १९५३ साली कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे डॉन मर्फी यांनी आपल्या कब स्काउट (स्काउट संघटनेतील लहान वयोगट) मुलांसाठी ही शर्यत सुरू केली. या गाडीला इंजिन नसते. उतारावरून ती केवळ स्वतःच्या वजनाने धावते आणि तिला अडवते ते मुख्यतः चाक व खिळा यांच्यातील घर्षण. पहिल्या वर्षी मी विजेवर चालणाऱ्या करवतीवर बरेच पैसे घातले आणि खिळ्यांकडे लक्ष दिले नाही. मुलाची गाडी दिसायला सुरेख झाली, पण उतार संपल्यावर तिचा वेग लगेच मंदावला. तीन हंगामांनंतर माझे मत ठाम आहे की ठोकळ्यावरचा खर्च आवरावा आणि खिळ्यांवर करावा.

खिळ्यासाठी बारीक कानस, हाताचे ड्रिल मशीन आणि ओले करून वापरायचा पॉलिश पेपर एवढे पुरते. खिळ्याच्या डोक्याखाली आणि दांड्यावर साच्याचे उंचवटे राहिलेले असतात, ते नखालाही जाणवतात. खिळा ड्रिलमध्ये पकडून फिरवावा, कानस अगदी हलक्या हाताने टेकवून हे उंचवटे काढावेत आणि मग ४००, ६००, १००० व शेवटी २००० नंबरच्या पेपरने तो चकचकीत होईपर्यंत घासावा. कानस दाबून धरली तर दांडा बारीक होतो आणि चाक त्यावर डगमगते. म्हणून या कामासाठी धारदार कानशीपेक्षा सौम्य दात्यांची कानस मला अधिक भरवशाची वाटते. मूल हे काम स्वतः करू शकते, फक्त ड्रिल मोठ्या माणसाने धरावे आणि दोघांनीही गॉगल लावावा.

दुसरी अत्यावश्यक वस्तू म्हणजे वजनकाटा. वजनाची सर्वसाधारण मर्यादा ५ औंस, म्हणजे सुमारे १४१.७ ग्रॅम असते. पूर्ण ग्रॅममध्ये आकडा दाखवणारा स्वयंपाकघरातील काटा १४२ दाखवत असेल, तर गाडी मर्यादेच्या आत आहे की बाहेर हे त्यावरून कळतच नाही, म्हणून ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्यावा. वजन मर्यादेच्या शक्य तितके जवळ न्यायचे असते, आणि नोंदणीच्या वेळी आयोजकांचा काटाच प्रमाण मानला जात असल्याने शेवटचा एखादा ग्रॅम तिथे काढता-घालता येईल अशी सोय गाडीतच ठेवावी.

वजनासाठी टंगस्टन महाग असले तरी मी त्याचीच शिफारस करेन. त्याची घनता शिशाच्या जवळजवळ पावणेदोन पट असल्याने तेवढेच वजन कमी जागेत मागील आसाजवळ बसते. गुरुत्वमध्य मागे असला की उतारावर तो अधिक उंचीवरून खाली येतो आणि गाडीला अधिक ऊर्जा मिळते. शिसे विषारी आहे. मुलांच्या हाती ते देऊ नये आणि घासू तर अजिबात नये.

आकार देण्यासाठी कमानीची साधी हातकरवत, ठोकळा घट्ट धरणारा क्लॅम्प आणि ८०, १५० व २२० नंबरचे पॉलिश पेपर बस्स झाले. एक क्रम मात्र पाळावा: वजनाची भोके ठोकळा चौकोनी असतानाच पाडावीत, कारण निमुळता आकार दिल्यावर ड्रिल सरळ टेकत नाही. आसांच्या खाचा काटकोनात आहेत का, हे लहान गुण्या लावून तपासावे. तिरक्या बसलेल्या खिळ्यांमुळे गाडी एका बाजूला ओढली जाते आणि रुळाच्या मधल्या पट्टीला घासत जाते. कितीही चकाकी आणली तरी हे नुकसान भरून निघत नाही.

सगळी हत्यारे एकाच पेटीत देणारे तयार संच मी दोनदा घेतले. त्यांतील करवतीचे पाते पहिल्याच वळणावर तुटले आणि पॉलिश पेपर इतका खरखरीत होता की खिळ्यांसाठी निरुपयोगी ठरला. त्यापेक्षा चांगली कानस, काटा आणि वंगणासाठी कोरडी ग्रॅफाइट पूड वेगवेगळी विकत घ्यावी. तेल मात्र टाळावे: बहुतेक ठिकाणी नियमांत ते बसत नाही, शिवाय त्याला धूळ चिकटते. पूड चाकाच्या भोकात घालून चाक बराच वेळ हाताने फिरवत राहावे, म्हणजे ती प्लास्टिकवर नीट बसते.