ओढ्याकाठी गवताचा पट्टा की झाडांचा?

शेतातली माती आणि खतं ओढ्यात जाऊ नयेत म्हणून काठची जमीन सोडायची तयारी असते, पण तिथे काय लावायचं यावर गाडी अडते. आधी पाहा, शेतातून नक्की काय वाहून जातंय.

स्फुरद (फॉस्फरस) बहुतांशी मातीच्या कणांना चिकटून जातो. तो अडवायला दाट फुटव्यांचं, ताठ गवत सरस. बी स्वस्त, आणि एक-दोन हंगामांत पट्टा कामाला लागतो. मात्र पाणी पातळ थराने पसरून आलं तरच. ओघळीतून धावत आलं, तर दहा मीटरचा पट्टाही ते सहज पार करतं. शिवाय शेताकडच्या कडेला गाळ साचून बारीक वरंबा तयार होतो, पाणी त्याला समांतर वाहतं आणि खोलगट जागी एकदम फुटतं. म्हणून दर पावसाळ्यानंतर तो वरंबा खरवडून माती शेतात परत टाका. गवत कापून बाहेर न्या. तिथेच कुजवलं, तर अन्नद्रव्यं पुन्हा पाण्यात.

नायट्रेट, म्हणजे नत्राचं एक रूप, पाण्यात विरघळून जमिनीखालून झिरपतं. झाडांची मुळं उथळ भूजलापर्यंत पोचत असतील, तर ती ते शोषतात. ओल्या, सेंद्रिय मातीतले जिवाणू त्याचा वायू करतात. काठ ढासळणंही थांबतं. पण रोपं महाग, जम बसायला वर्षं लागतात, आणि सावलीने पिकाच्या कडेच्या ओळी मार खातात.

शेताखालचे निचऱ्याचे पाइप थेट ओढ्यात सुटत असतील, तर त्या पाण्यापुरते दोन्ही पट्टे निरुपयोगीच.

उताराची, धुपणारी जमीन असेल तर गवत. सपाट शेत, उथळ भूजल, ढासळता काठ असेल तर झाडं. जागा पुरत असेल, तर पाण्यालगत झाडं आणि शेताच्या बाजूला गवत.