सिबिलची डिस्प्यूट सेवा : विनाशुल्क, पण चावी बँकेकडे

सिबिल ही लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी. तिच्या क्रेडिट रिपोर्टमधल्या चुकीच्या नोंदीविरुद्ध सिबिलच्या संकेतस्थळावर विनाशुल्क डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाकता येतो. फॉर्म सोपा आहे. खरी अडचण पुढे : बँकेने दुजोरा दिल्याशिवाय सिबिल काहीच बदलत नाही. म्हणून नो ड्यूज (कर्ज बाकी नसल्याचा) दाखला जोडून त्याच दिवशी बँकेकडेही लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

नुसत्या डिस्प्यूटने क्रेडिट स्कोअर (पत दाखवणारा आकडा) हलत नाही. नोंद दुरुस्त झाली तरच हलतो. खरोखर चुकलेला हप्ता तर पुसला जातच नाही. डिस्प्यूटचा निकाल लागेपर्यंत नोंदीवर वादाचा शेरा दिसतो आणि तो पाहून कर्ज देणारा फाइल थांबवू शकतो. गृहकर्जाच्या अर्जाआधीच हे उरका.

३० दिवसांत निकाल लागला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हक्काची आहे, मागाच. एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कंपन्यांचे रिपोर्टही तपासा.