मॉन्टेनेग्रिनचं ऑनलाइन भाषांतर : काही महिन्यांच्या वापरानंतर

2007 च्या राज्यघटनेने मॉन्टेनेग्रिन ही मॉन्टेनेग्रो देशाची अधिकृत भाषा ठरली, 2009 मध्ये तिचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि 2017 च्या डिसेंबरात तिला 'सीएनआर' हा स्वतंत्र भाषासंकेत मिळाला. तरी बऱ्याच भाषांतर साधनांच्या यादीत सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन एवढ्याच दिसतात. त्यातली कुठली घ्यायची, हे वाचायचंय की लिहायचंय यावर ठरवा.

वाचायला सर्बियन पुरते. अडतं ते 32 अक्षरांतल्या दोन जादा अक्षरांपाशी: लॅटिन लिपीतले तिरकी रेघ दिलेले एस आणि झेड. 'शुत्रा' म्हणजे उद्या, पण साधन कधीकधी त्याला विशेषनाम समजून तसंच ठेवतं. मजकूर टाकण्याआधी 'शुत्रा'चं 'सुत्रा', 'नियेसाम'चं (म्हणजे 'मी नाही') 'निसाम' करून घ्या. अर्थ बदलत नाही. सिरिलिकमध्ये ही अक्षरं मूळ अक्षर आणि वेगळी खूण जोडून बनतात, त्यामुळे नक्कल करताना खूण गळू शकते आणि शब्द शोधला तर सापडत नाही.

लिहायला मात्र बोस्नियन निवडा. सर्बियनमधून बहुधा 'म्लेको' येतं, इथे मॉन्टेनेग्रोत दुधाला 'म्लियेको' म्हणतात. क्रोएशियनमध्ये 'म्लियेको' बरोबर मिळतं, पण जानेवारीला 'सियेचान्य' आणि हजाराला 'तिसुचा' येतं. इथे 'यानुआर' आणि 'हिल्यादा' चालतात, आणि बोस्नियनमधून हेच शब्द येतात. भाडेकरारात तारीख आणि रक्कम हेच तर महत्त्वाचं असतं.

मराठी माणसाला सगळ्यात जास्त जपावं लागतं ते लिंगाला. 'मी आले' आणि 'मी आलो' हा फरक दोन्ही भाषांत आहे, पण भाषांतर इंग्रजीमार्गे गेलं की पुसला जातो आणि बाईच्या पत्रात 'दोशाओ साम' हे पुल्लिंगी रूप उतरतं. 'दोश्ला साम' हवं. भाषांतर उलटं फिरवून तपासलं तरी ही चूक दिसत नाही, कारण परत येताना वाटेत इंग्रजीच असते. म्हणून स्वतःबद्दलचं भूतकाळी क्रियापद शोधून शेवट हाताने बदलाच. तू-तुम्हीचंही तेच: घरमालकाला 'ती' (म्हणजे तू) नव्हे, 'वी' (म्हणजे तुम्ही) गेलं पाहिजे, आणि एकाच व्यक्तीशी बोलतानाही क्रियापद अनेकवचनी लागतं, आपल्या 'तुम्ही आलात'सारखं.

मोबाइलवरच्या संदेशांत लोक अक्षरांवरच्या खुणा सर्रास गाळतात. मग 'कुचा' म्हणजे घर आणि 'कुत्सा' म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, दोन्ही सारखेच दिसतात. एकट्या शब्दाऐवजी पूर्ण वाक्य टाकलं तर साधन बहुतेक वेळा नीट ओळखतं.

गावाचं नाव नकाशात शोधताना मूळ रूपावर आणा. 'पुण्यात'मधून जसं पुणे काढतो, तसं 'उ पोद्गोरित्सी'मधून पोद्गोरित्सा, 'उ बुद्वी'मधून बुद्वा. पत्त्याच्या शेवटी 'बी. बी.' दिसलं तर घराला क्रमांक नाही असं समजा. साधनं ते बऱ्याचदा तसंच सोडतात.