प्रेशर फ्रायरमध्ये काय तळावं, कढईत काय ठेवावं

भाच्याने खारघरला गाळा घेतलाय. प्रेशर फ्रायर, म्हणजे घट्ट झाकण लावून दाबाखाली तळायचं मशीन, घ्यायचा हे नक्की, आणि त्यातच चिकन, बटाटेवडे, कोळंबी, फ्राइज सगळं काढायचा त्याचा बेत होता. वाशीत बरीच वर्षं मी तळणीवर उभा राहिलोय. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

झाकण घट्ट बसलं की मालातून सुटणारी वाफ आत कोंडते आणि दाब साधारण १२ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचं माप) चढतो. एरवी १०० अंशांना उकळणारं पाणी तिथे ११८ च्या आसपास उकळतं. त्यामुळे मांसातला रस भसाभस उडून जात नाही आणि आतपर्यंत लवकर शिजतं. म्हणून प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारा: याच्यातलं पाणी आत राहायला हवं, की बाहेर जायला हवं?

हाडासकट चिकनचं उत्तर सरळ आहे. जाड थाय किंवा लेगपीस उघड्या कढईत १५ ते १८ मिनिटं घेतो आणि हाडाजवळ शिजेपर्यंत वरचं आवरण काळपट पडतं. प्रेशरमध्ये तेच काम १० ते १२ मिनिटांत होतं, तेलही १६० अंशांच्या आसपास ठेवून भागतं. पीस मधोमध मोडून बघा: मांस हाडापासून सहज सुटतं आणि बोटांवर रस येतो. कढईतल्या पीसचं बाहेरचं मांस तोवर धाग्याधाग्याचं झालेलं असतं. हाडाजवळ लाली दिसली म्हणून कच्चं समजू नका. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला रंग शिजल्यावरही बाहेर उतरतो. थर्मामीटर टोचा, ७४ अंश दाखवले की झालं. मात्र आवरण कोरडं हवं. मसाल्यात मुरलेला पीस मैद्यात घोळवायचा, झटकायचा आणि दहा मिनिटं ठेवून मगच सोडायचा.

कोळीवाडा चिकन त्याच कोंबडीचं असलं तरी कढईतच. बोनलेस तुकडे लहान, चार-पाच मिनिटांत होतात, आणि बेसनाचं ओलं पीठ जाळीच्या बास्केटला चिकटून बसतं.

माशांच्या बाबतीत मी ठाम आहे. बोंबील म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. आपण तो दाबून ठेवतो ते पाणी काढायला, मग तो दाबाखाली तळून पाणी आत का कोंडायचं? सुरमईची तुकडी, कोळंबी यांना तवा किंवा कढई बरी. रव्याचं आवरण फ्रायरमध्ये गळतं, तळाशी साचतं आणि तेल लवकर काळं करतं. जिताड्याचे जाड काटेविरहित तुकडे प्रेशरमध्ये छान होतात, पण त्या तेलाला वास लागतो. रोजचा खप नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

बटाटेवड्याचं सारण आधीच शिजलेलं. शिजवायचं ते फक्त वरचं बेसन, तीन-चार मिनिटांचं काम. कांदाभजीतलं तर पाणी जायलाच हवं. झाकणाखाली ती लिबलिबीत होते. फ्रोझन फ्राइजचंही तेच. सालासकट जाड कापलेले बटाटे मात्र सात-आठ मिनिटांत आतून मऊ, बाहेरून लालसर निघतात. पनीर कढईत.

आता खरी अडचण. आपल्याकडे शाकाहारी गिऱ्हाईक भरपूर. चिकनच्या तेलात बटाटे तळून त्यांना देणं ही सरळ फसवणूक आहे. एकच फ्रायर असेल तर तो चिकनचा, आणि ते बटाटे चिकनच्याच थाळीत जावेत. शाकाहारी माल वेगळ्या कढईत, वेगळ्या झाऱ्याने.

खपही बघा. वाफ मालातूनच येते, त्यामुळे दोन लेगपीस टाकले तर साध्या मशीनमध्ये दाब नीट चढत नाही. सोमवारी दुपारी तुरळक ऑर्डर असतील तर तेवढ्यापुरती कढईच कामाची. शनिवारी रात्री एका वेळी आठ-दहा पीस जात असतील तर फ्रायर पैसे वसूल करून देतो. पार्सल जास्त असेल तर आणखी फायदा: पामबीच रोडवरून नेरुळला पोचेपर्यंत मांस रसाळ राहतं. आवरण मात्र कढईइतकं कुरकुरीत नसतं, आणि पावसाळ्यात बंद डब्यात आणखी नरम पडतं. डब्याला भोकं हवीतच.

झाकण असल्याने तेलाला हवा कमी लागते, तरी रोज गाळा. एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे १ जुलै २०१८ पासून तेलातले टोटल पोलर कंपाऊंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही.

केएफसीवाले कर्नल सँडर्स यांनी १९३९ मध्ये प्रेशर कुकरमध्ये फेरफार करून चिकन तळायला घेतलं, हे ऐकून कुणी घरच्या कुकरमध्ये तेल ओतू नका. त्याची रिंग आणि शिट्टी उकळत्या तेलासाठी बनवलेली नसते, माणूस भाजतो. फ्रायरचं झाकणही दाबाचा काटा शून्यावर आल्याशिवाय उघडायचं नाही, बाहेर कितीही रांग असो.

भाचा उद्या मशीन बघायला जातोय. मुरवलेले आठ लेगपीस डब्यात घालून घेऊन जा, तिथेच तळून घे आणि हाडापाशी मोडून बघ, असं त्याला सांगितलंय.