आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र संघटना : वर्गणी नेमकी कुठे भरायची?

एम.ए. होऊन समुपदेशनात किंवा एखाद्या कंपनीच्या एचआरमध्ये थोडी वर्षं गेली, की बायोडेटात एखादी आंतरराष्ट्रीय संघटना असावी असं वाटायला लागतं. वाटण्यात गैर काही नाही. फक्त एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या: यातली कुठलीही संघटना तुम्हाला भारतात प्रॅक्टिसचा परवाना देत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. नावापुढे लावलेली परदेशी आद्याक्षरं तिथे उपयोगाची नाहीत.

उपयोजित मानसशास्त्रात पहिलं नाव येतं आयएएपीचं. ‘इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी’ ही १९२० साली जिनिव्हात स्विस मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तेव्हा विषय होता ‘सायकोटेक्निक’: कोणता माणूस कोणत्या कामाला योग्य, हे चाचण्यांनी ठरवायचं. संघटनेच्या सुरुवातीच्या धुरीणांपैकी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ लाही यांनी पॅरिसमध्ये ट्रामचालकांच्या निवडीसाठी चाचण्या घेतल्या होत्या. १९५५ मध्ये नाव बदललं, पण कामाच्या जागेवरचा माणूस हा गाभा राहिलाच. आज तिचे १८ विभाग आहेत. संघटनात्मक मानसशास्त्र, समुपदेशन, आरोग्य, क्रीडा तर आहेच, वाहतुकीचाही वेगळा विभाग आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या चालकांच्या सवयींवर कुणाला काम करायचं असेल, तर आपली माणसं त्याला तिथे सापडतील. सदस्यत्व व्यक्तिगत मिळतं, वर्गणीत देशाच्या उत्पन्नानुसार सवलत असते आणि विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग आहे. मोठं अधिवेशन चार वर्षांतून एकदा होतं. २०२६ चं फ्लॉरेन्सला ठरलं.

अर्ज भरताना मात्र संकेतस्थळ नीट बघा. आपल्याकडची ‘इंडियन अकॅडमी ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी’सुद्धा आयएएपीच, आणि कार्यालयीन प्रशासकांची एक आंतरराष्ट्रीय संघटनाही तीच आद्याक्षरं लावते.

दुसरा पर्याय आयएसीसीपी, म्हणजे आंतरसांस्कृतिक (वेगवेगळ्या संस्कृतींतल्या माणसांची तुलना करणाऱ्या) मानसशास्त्राची संघटना. ती १९७२ ची, आकाराने लहान, आणि माझ्या मते संशोधकाला जास्त जिव्हाळ्याची. वर्गणी सदस्याच्या उत्पन्नावर ठरते, हे मला फार आवडतं. दुर्गानंद सिन्हा आणि जनक पांडे हे आपले दोघे तिचे अध्यक्ष होऊन गेलेत. त्यामुळे भारतीय प्रश्न तिथे परका वाटत नाही. पीएचडीचा विषय कुटुंब, जात, स्थलांतर किंवा भाषा यांच्या आसपास असेल, तर मी आयएएपी सोडून इथे पैसे भरेन. कंपनीत भरती आणि प्रशिक्षण बघणाऱ्याला मात्र इथे फारसं हाती लागणार नाही.

आययूपीएसवायएसचं, म्हणजे ‘इंटरनॅशनल युनियन ऑफ सायकॉलॉजिकल सायन्स’चं, नाव बरेच जण घेतात, पण ती देशांच्या संघटनांची संघटना आहे. भारताच्या बाजूने तिथे ‘नॅशनल अकॅडमी ऑफ सायकॉलॉजी’ आहे. व्यक्तिगत सदस्यत्वाचा प्रश्नच नाही, तेव्हा तो विषय सोडा.

राहिली एपीए, म्हणजे ‘अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन’. १८९२ ची, अवाढव्य, आणि मुळात अमेरिकी. बाहेरच्यांसाठी ‘इंटरनॅशनल ॲफिलिएट’ असा वर्ग आहे, पण ते पूर्ण सदस्यत्व नव्हे, हे बायोडेटात लिहिताना विसरू नका. अमेरिकेत पुढे शिकायला किंवा नोकरीला जायचं ठरलं असेल तर ओळखी वाढवायला बरी. पुण्यात बसून शाळकरी मुलांचं समुपदेशन करणाऱ्याने नुसत्या नावासाठी डॉलर मोजू नयेत.

चाचण्या मराठीत आणणाऱ्यांचा रस्ता आणखी वेगळा. त्यांच्यासाठी इंटरनॅशनल टेस्ट कमिशन आहे. चाचणी दुसऱ्या भाषेत नेताना नुसतं भाषांतर पुरत नाही. नव्या लोकांवर ती घेऊन, आकडे तपासून, मगच वापरायची, असं तिच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. डिशवॉशरवरचा प्रश्न विदर्भातल्या आठवीच्या मुलाला जसाच्या तसा विचारणाऱ्यांनी त्या आधी वाचाव्यात. या सूचना तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, सदस्य होण्याची गरज नाही.