थोरला, धाकटा आणि डिझेल टाकीचं झाकण: चौदा महिन्यांचा अनुभव

एकाच घरातले दोन ट्रॅक्टर. थोरला दादाचा, २०२१ चा. धाकटा माझा, २०२४ च्या दसऱ्याला आणलेला, ११२० तास झाले. कंपनी एकच, नावं दोन, शोरूम दोन. कोणती जोडी ते लिहीत नाही, कारण शोरूमवाल्याशी भांडण अजून मिटलेलं नाही. तशा जोड्या कमी आहेत का? महिंद्रानं २००७ ला स्वराज घेतली, टॅफे कंपनीनं २००५ ला आयशरचा ट्रॅक्टरचा धंदा घेतला, फार्मट्रॅक-पॉवरट्रॅक तर पहिल्यापासून एकाच गोठ्यातले. ट्रकमध्येही व्होल्वो नि आयशर २००८ पासून एकत्र आहेत. शोरूममध्ये मात्र शेजारच्या नावाचा विषय काढला की सेल्समन असा बघतो, जसं आपण त्याच्या सोयरिकीत खोट काढली.

दोन्ही ५० एचपीच्या आतले, तेही मुद्दाम. १ जानेवारी २०२३ पासून ५० च्या वरच्या ट्रॅक्टरला नवे धुराचे नियम लागले. म्हणजे सीआरडीआय, कॉम्प्युटरच्या तालावर डिझेल सोडणारं इंजिन आलं, सेन्सर आले, आणि उसाच्या फडात गाडी बंद पडली तर लॅपटॉपवाल्याची वाट बघा. आमच्या पलूस भागात पान्यानं दुरुस्त होतो तोच ट्रॅक्टर.

आता मूळ तक्रार. ऊस ओढण्याचा पहिला अख्खा हंगाम मी धाकट्याला पेताड म्हणत होतो. रस्ता तोच, कारखाना तोच, दोन ट्रॉल्या मिळून काट्यावर सतरा-अठरा टन. थोरला एका खेपेला तेरा लिटर घ्यायचा, धाकटा सतरा. नव्वदेक खेपा झाल्या, म्हणजे बत्तीस हजाराच्या आसपास डिझेल जास्तीचं. पंप तपासला, एअर फिल्टर बदलला, ड्रायव्हरला नको ते बोललो. ओळखीच्या दोघांना तर सांगूनही टाकलं होतं की धाकटं नाव घेऊ नका, थोरलंच घ्या. त्या दोघांची इथंच माफी मागतो.

उन्हाळ्यात रोटाव्हेटर मारताना दोघांचं डिझेल सारखंच लागलं, उलट धाकट्याचं घोटभर कमीच. तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. मी म्हटलं, मागं ओझं नाही म्हणून असेल.

दुसरा हंगाम सुरू झाल्यावर ड्रायव्हरनंच शोध लावला. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत रात्र काढावी लागते, हे ऊसवाल्यांना सांगायला नको. संध्याकाळी त्यानं निरगुडीची सरळ काडी टाकीत उभी बुडवली, ओल जिथपर्यंत चढली तिथं कोयत्यानं खाच पाडली आणि काडी सीटखाली ठेवली. पहाटे तीच काडी पुन्हा बुडवली. ओल खाचेच्या चांगली दोन बोटं खाली. मला फोन केला, "आण्णा, गाडी पीत न्हाई. दुसरंच कोणतरी पितंय."

थोरल्याच्या टाकीला किल्लीचं झाकण आहे. धाकट्याला साधं, पाव फेरा फिरवला की हातात. किंमत सारखी, टाकी सारखी, पण कुणीतरी वरच्या मजल्यावर बसून ठरवलं की या नावाच्या गिऱ्हाईकाला कुलूप लागत नाही. अरे बाबा, ट्रॅक्टर काय बंगल्याच्या पोर्चमध्ये उभा असतो का?

शोरूमला गेलो. काउंटरवरचा पोरगा कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, "काका, हे तुमच्या मॉडेलला येत नाही." म्हटलं, मग काय येतं? तर म्हणे टाकीच्या नळीसकट किट मागवावं लागेल, १४५० रुपये, वीस दिवस. आणि बाहेरचं झाकण बसवलं तर वॉरंटी जाईल. म्हटलं, तेवढं लेटरपॅडवर लिहून द्या. मॅनेजर चहा सांगतो म्हणून आत गेला. चहा आला, तो आला नाही.

घरी येऊन दादाच्या ट्रॅक्टरचं झाकण काढलं आणि धाकट्याच्या टाकीवर ठेवलं. पाव फेरा, टक. किल्ली फिरली. ड्रायव्हर, दादा आणि मी, तिघं त्या झाकणाकडं बघत उभे. दादानं दुसऱ्या दिवशी त्याच्या शोरूममधून नवं आणलं, ६४० रुपयाला. मग हौसेनं डिझेल फिल्टरही शेजारी-शेजारी ठेवून बघितले. डबीचा रंग वेगळा, आतला माल तोच, थोरल्याच्या काउंटरवर सत्तर रुपये स्वस्त. आता वॉरंटी संपेपर्यंत सर्व्हिस धाकट्याच्याच शोरूमला, त्यानंतर फिल्टर तिकडून.

झाकण बदलल्यापासून धाकटा खेपेला साडेबारा-तेरा लिटरमध्ये जातो. म्हणजे पेताड हा शब्द मागं घेतला.

बाकीचं थोडक्यात. धाकट्याचे गिअर बाजूला आहेत, चढता-उतरता पाय अडकत नाही, थोरल्याचे मधे. सीट थोरल्याची बरी. मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टमध्ये फरक कळला नाही. पण धाकटा पुढनं हलका आहे. सागरेश्वरचा चढ भरल्या ट्रॉल्यांनी चढताना पुढची चाकं रस्ता सोडतात, स्टिअरिंग एकदम मऊ लागतं, आणि त्या क्षणी देव आठवतो. पुढं जादा वजनं लावल्यावर थांबलं. थोरल्याला ती कंपनीतूनच आली होती, मला वेगळे पैसे मोजावे लागले. ऊस ओढणार असाल तर सौदा करतानाच वजनं मागून घ्या, नंतर कुणी विचारत नाही.

सौद्यावरून आठवलं. मी घेतला तेव्हा जीएसटी १२ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. मूळ किंमत साडेसात लाख धरली तरी ५२,५०० रुपये. वर्षभर थांबलो असतो तर... पण थांबलो असतो तर तो हंगाम भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेला असता. असं म्हणून मनाची समजूत घालतो, घरात ती कुणाला पटत नाही.

चोर सापडला नाही. यार्डात विचारलं तर सगळेच म्हणतात, आमचंही जातं. निरगुडीची काडी अजून सीटखालीच आहे.

झाकणाचे ६४० रुपये दादानं अजून मागितले नाहीत. मीही आठवण करून दिलेली नाही.